काळी, पांढरी आणि सिमेंटचा कोबा

मंडळी, आजची गोष्ट आमच्याच घरापासून सुरू करतो. १९९१ साली वडिलांनी गावठाणातले जुने घर चुलत्यांकडे ठेवले आणि गावाबाहेर, आमच्या शेताच्या कडेला, नवे घर बांधले. दगडी जोते, विटांच्या भिंती, वर स्लॅब. आणि घराभोवती, जोत्याला लागून, चारी बाजूंनी तीन-तीन फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा. पाहुणा आला की वडील त्याला आधी घराभोवती एक फेरी मारायला लावीत आणि मगच आत नेत.

पहिला पावसाळा गेला आणि कोबा जोत्यापासून सुटला. पुढच्या उन्हाळ्यात तो चार बोटे खाली गेला. नहाणीच्या मागच्या बाजूला तर असा तडा पडला की त्यात पैसा उभा राहावा. गावाने लगेच निकाल दिला, "मिस्त्रीने सिमेंट खाल्लं." वडिलांनी मजुरीचे राहिलेले पैसे अडकवून ठेवले. मिस्त्री येऊन पाहून गेले. जाताना एवढेच म्हणाले, "अण्णा, सिमेंट नाही बसलं, जमीन बसली."

त्या वेळी आम्हाला ती पळवाट वाटली. सिमेंट आणि जमीन या दोघांत दोषी कोण, हे समजायला मला पुढे बराच इतिहास वाचावा लागला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे घरांची जागा. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्यातही 'पांढरी' या शब्दाचा हा अर्थ नोंदलेला आहे. आता ही पांढरी पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी माणसे राहिली, घरे पडली, त्यांवर पुन्हा घरे उठली. चुलीची राख, भिंतींची माती, चुना, शेण, खापऱ्या यांचे थरावर थर बसले आणि मूळच्या काळ्या जमिनीवर एक करड्या-पांढऱ्या मातीचे टेकाड तयार झाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा अशाच मातीखाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली. जुन्या पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकणारे शेतकरी आपण पाहिले आहेत. तिच्यात राखेचा कस असतो हे त्यांना ठाऊक होते.

पण या मातीचा आणखी एक गुण आहे. शेकडो वर्षे पायांखाली तुडवून आणि ओझ्याखाली दबून ती बसलेली असते. तिच्यात राख आणि चुना मिसळलेला असतो आणि चुना काळ्या मातीची फुगण्याची खोड कमी करतो. म्हणजे पांढरी ही आपल्या पूर्वजांनी नकळत घडवलेली पायाची जमीनच होती. घर तिथे आणि शेत काळीत, अशी वाटणी चालत आली. ती मोडून आम्ही घर काळीत नेले.

जुन्या घराला अंगण होते ते मातीचे. मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचे, चोपणीने चोपायचे आणि वर शेणाने सारवायचे. ते अंगणही खचे आणि भेगाळे, पण दर सणाला आई पुन्हा सारवी, खड्डा दिसला की घमेलेभर माती टाकी. वाड्यांच्या चौकात दगडी फरसबंदी असे. एखादा दगड खचला तर तो उचलून खाली भर घालून पुन्हा बसवीत. जमीन हलली की अंगणही तिच्याबरोबर हले. त्यामुळे कुणी कुणाला चोर म्हणत नसे.

मग आले सिमेंट. त्याची कथा इंग्लंडमधली आहे. एडिस्टन नावाच्या समुद्रातल्या खडकावर दीपगृह बांधायचे होते. जॉन स्मीटन या इंजिनिअराने १७५६ ते १७५९ या काळात ते बांधले. पाण्याखालीही घट्ट होणारा चुना त्याला हवा होता. पुष्कळ प्रयोगांनंतर त्याला दिसले की ज्या चुनखडीत मुळातच चिकणमाती असते, तिचा चुना पाण्यात आवळतो. पुढे १८२४ साली लीड्स गावच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले आणि पोर्टलंडच्या दगडासारखा रंग म्हणून तिला 'पोर्टलंड सिमेंट' नाव दिले. हा अ‍ॅस्पडिन धंद्याने गवंडी होता, हे आपल्या मिस्त्रीमंडळींनी लक्षात ठेवावे.

आपल्या देशात सिमेंट करण्याचा पहिला प्रयत्न १९०४ साली मद्रासला झाला. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली माल बाहेर पडू लागला. तरी खेड्यातल्या अंगणापर्यंत सिमेंट पोचायला बराच काळ गेला. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे त्यावर सरकारी नियंत्रण होते. परमिट मिळवून आणलेली दहा पोती अंगणात कोण ओतणार? १९८२ साली ते नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. मग सिमेंटचे पोते तालुक्याच्या दुकानात उघड मिळू लागले आणि घराभोवतीचा कोबा ही घराची शोभा झाली. आमचा कोबा याच लाटेतला. नवे साहित्य आले, पण त्याच्या खाली काय हवे, हे ज्ञान मात्र पोत्याबरोबर आले नाही.

आता कोब्याचा स्वभाव पाहू. सिमेंट, वाळू आणि खडी यांचा हा कृत्रिम दगड दाब फार सोसतो. पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे दहावा हिस्साच असते. ही उणीव पॅरिसकडच्या जोझेफ मोनिए नावाच्या माळ्याने हेरली. झाडांच्या सिमेंटच्या कुंड्या फुटत, म्हणून त्याने त्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली पेटंट घेतले. आजच्या सळईच्या स्लॅबचे मूळ तिथे आहे. घराच्या छतात ताणाच्या बाजूला सळई असते, म्हणून छत दोन भिंतींवर अधांतरी राहते. अंगणातल्या कोब्यात बहुधा सळई नसते आणि तो अधांतरी राहण्यासाठी केलेलाही नसतो. त्याने जमिनीवर पाठ टेकून पडून राहायचे असते. खालची जमीन सरकली की तो पोकळीवर लोंबकळतो. वरून माणूस चालला, बैलगाडीचे चाक गेले, की वाकतो. वाकला की खालच्या अंगाने ताणला जातो आणि तडकतो. सिमेंट दुप्पट घातले तरी हा नियम बदलत नाही.

मग जमीन का सरकते? याचे शास्त्र सिमेंटपेक्षाही तरुण आहे. इटलीतल्या पिसा गावच्या कलत्या मनोऱ्याचे चित्र गुरुजींनी मुलांना दाखवलेच असेल. त्याचे काम ११७३ साली सुरू झाले. तीन मजले होताहोता तो कलू लागला आणि काम थांबले, ते जवळजवळ शंभर वर्षे. खाली मऊ चिकणमाती होती. ते थांबणेच पथ्यावर पडले, कारण मधल्या काळात ओझ्याखाली माती हळूहळू आवळत गेली. घाईने मजले चढवले असते तर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता. १९९० साली तो लोकांना बंद करण्यात आला. मग उत्तरेच्या, म्हणजे कललेल्या बाजूच्या उलट, अंगाची माती थोडी थोडी काढून त्याला सुमारे दीड फूट सावरले आणि २००१ साली तो पुन्हा खुला झाला. दुखणे जमिनीत होते, म्हणून औषधही जमिनीलाच दिले.

चिकणमाती अशी सावकाश का बसते, याचा हिशेब मांडला कार्ल टेर्झागी याने. प्राग शहरात १८८३ साली जन्मलेला हा इंजिनिअर पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला शिकवत होता. हाताशी साधी, जुजबी उपकरणे घेऊन त्याने मातीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९२५ साली व्हिएन्नाला आपला ग्रंथ छापला. त्याचे म्हणणे सोप्या शब्दांत असे, की ओली चिकणमाती म्हणजे पाण्याने भिजलेला स्पंज आहे. वर ओझे आले की ते आधी आतल्या पाण्यावर पडते. पाणी बारीक छिद्रांतून वाट काढत बाहेर जाते, मग ओझे मातीच्या कणांवर येते आणि माती बसते. म्हणून घर आज बांधले तरी जमीन आजच बसून मोकळी होत नाही.

हे झाले निसर्गतः असलेल्या मातीचे. पण घराभोवतीची माती बहुधा मूळची नसतेच. पायासाठी चर खणतो, जोत्याचे बांधकाम वर आले की भोवतीचा चर त्याच मातीने बुजवतो. त्यात विटांचे तुकडे, काटक्या, रिकामी पोती, सारे जाते. वरून दोन पाय दिले की भरणी झाली असे आपण समजतो. अशा भरणीत कणाकणांत पोकळी राहते. पहिल्या पावसाचे पाणी शिरले की ती ढासळते. कोबा नेमका जोत्यालगत का खचतो, याचे हे पहिले उत्तर.

भरणी कशी ठोकावी, हेही एका इंजिनिअरने मोजून दाखवले आहे. लॉस एंजेलिस शहराच्या पाणीखात्यात राल्फ प्रॉक्टर मातीची धरणे बांधत होता. १९३३ साली त्याने आपली चाचणी प्रसिद्ध केली. एका भांड्यात मातीचे तीन थर घालायचे. साडेपाच पौंडांचा हातोडा एक फूट उंचीवरून प्रत्येक थरावर पंचवीस वेळा सोडायचा. दर खेपेला मातीत पाणी थोडे वाढवायचे. त्याला दिसले की अगदी कोरडी माती कितीही ठोकली तरी नीट दबत नाही. फार ओली केली तर पाणीच जागा अडवते. या दोहोंच्या मध्ये एक नेमकी ओल असते, त्या ओलीला माती सर्वांत घट्ट बसते. आमची आजी अंगण चोपण्याआधी पाणी शिंपडी आणि मूठभर माती दाबून पाही. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. प्रॉक्टरने तिचीच मूठ तराजूत घातली असे मला वाटते.

आता आपल्या काळ्या मातीकडे येऊ. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून १८४७ साली त्याला हे नाव मिळाले. पुढे १९३० च्या दशकात क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. पोथीच्या पानांसारखी त्याची अतिसूक्ष्म पाने असतात. पाणी मिळाले की ते पानापानांत शिरते आणि पोथी फुगते. वाळली की मिटते. म्हणूनच काळी पावसात वर येते आणि चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की काठी आत जावी. पिकाला हे चांगले, कारण जमीन आपली नांगरट आपणच करते. घराला मात्र हेच मारक.

त्यातही घराखालची माती छपराच्या आडोशाने फारशी भिजत नाही आणि फारशी वाळतही नाही. खरी हालचाल होते ती कडेला, जिथे पागोळ्या पडतात आणि ऊन लागते. आणि आपला कोबा नेमका त्याच पट्ट्यात असतो! त्याच्या एका कडेला जोते, दुसऱ्या कडेला भेगाळलेले रान. दर वर्षी वर, दर वर्षी खाली. त्यात नहाणीचे पाणी एका ठिकाणी मुरते, शेजारी लावलेले लिंबाचे झाड दुसऱ्या ठिकाणची ओल ओढून घेते. मग तो सरळ कसा राहणार?

या काळीवर आपल्या देशातही मोठे काम झाले. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून एक वेगळा पाया पुढे आणला. जमिनीत खोल भोक पाडायचे, तळाशी ते कंदासारखे रुंद करायचे आणि सळईसह काँक्रीट भरायचे. खोल काळ्या मातीत ही खुंटी निदान साडेतीन मीटर खाली न्यावी असा नियम आहे, कारण ऋतूंचा खेळ सहसा त्याच्या वरच चालतो. घर असे खोलवर रोवता येते, पण कोबा तर वरच राहणार. त्याच्यासाठी उपयोगी पडणारे काम मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी केले. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण अंगात थोडी चिकटण असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवला, तर खालचे फुगणे वर जाणवत नाही, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. कर्नाटकातल्या मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांत ही रीत वापरली गेली. आपल्याकडे अशी माती म्हणजे चांगला मुरूम. नुसती वाळू हे काम करीत नाही, उलट तिच्यातून पाणी सहज खाली उतरते.

शाळेतल्या गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. मातीच्या प्रयोगशाळांत तो रोज होतो. मोजपट्टीच्या दोन काचेच्या नळ्या घ्या. वाळवून बारीक चाळलेली काळी माती दोन्हींत दहा-दहा ग्रॅम टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल, आणि दिवसभर ठेवा. रॉकेल त्या पोथीच्या पानांत शिरत नाही, त्यामुळे तिथली माती जेवढ्यास तेवढी राहील. पाण्यातली माती फुगेल. ती दुसरीच्या दुप्पट झाली तर ती फार फुगणारी समजावी. मग पाण्याच्या नळीत मुरूम आणि गावठाणाची माती घालूनही पाहा. कोणती किती फुगते, ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

एवढे कळल्यावर करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. जोत्याभोवतीचा चर काळ्या मातीने बुजवू नका. मुरूम आणा, वीतभर जाडीचा थर द्या, ओलवा, धुमसाने ठोका, मगच दुसरा थर. कोब्याखालची काळी जितकी काढता येईल तितकी काढून तिथेही मुरूम भरा. मीटरभर जमले नाही तर दोन फूट तरी करा. कोब्याला बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच उतार द्या. छपराचे पाणी पन्हाळीने दूर न्या, नहाणीचे पाणी जोत्यापाशी मुरू देऊ नका. कोबा एकसंध न ओतता चार-पाच फुटांवर सांधे ठेवा, जोत्याशीही तो घट्ट जोडू नका. त्या फटीत डांबर भरा. ओतल्यावर आठ-दहा दिवस तो ओला ठेवा.

आणि तडा गेलाच, तर आधी नीट पाहा. केसासारखी बारीक रेघ असेल आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील, तर कोबा वाळताना आकसला एवढेच. तिथे पाणी कमी मारले असेल किंवा सांधे नसतील. पण एक बाजू खाली आणि एक वर असेल, तर खालची जमीन गेली आहे. हातोडीने हलके ठोका. पोकळ आवाज आला तर वरून सिमेंटचा दुसरा थर देऊ नका. तो थर म्हणजे आधीच लोंबणाऱ्यावर आणखी ओझे.

आमच्याकडे वडिलांनी असा थर दोनदा दिला. दोन्ही वेळा तो फुटला. शेवटी १९९५ च्या उन्हाळ्यात नहाणीमागचा कोबा पहारीने उचकटला. खाली हात जाईल एवढी पोकळी होती. तिच्याखाली काळी माती, विटांचे तुकडे आणि पोत्यांच्या चिंध्या. फुटलेला कोबा मात्र असा कडक की पहारीने ठिणग्या उडाव्यात. तेव्हा वडिलांना आठवले. मिस्त्रींनी भरणीसाठी चार ट्रॉल्या मुरूम मागितला होता. भाड्याचे पैसे वाचवायचे म्हणून, "खणलेली माती पडलीच आहे, तीच टाका," असे वडिलांनीच सांगितले होते.

त्या दिवशी संध्याकाळी वडील राहिलेले पैसे घेऊन मिस्त्रींच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. मिस्त्रींनी नोटा न मोजता खिशात ठेवल्या, चहा सांगितला आणि विचारले, "मुरूम कधी आणताय?" पुढच्या आठवड्यात मुरूम आला. त्यांनी स्वतः उभे राहून तो थराथराने ठोकून घेतला. तो कोबा अजून जागेवर आहे.